सोऱ्याला लाइट लावायचाय

मी एक जुना पितळी सोऱ्या आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या निम्म्यांनी मला पाहिलेलं नसणार, म्हणून आधी ओळख करून देतो. माझा एक जाड नळा आहे. त्याच्या तळाशी बारीक भोकांची चकती बसते आणि वरून लाकडी मुठीचा दट्ट्या आत जातो. नळ्यात शिजवलेला गरम चीक भरायचा आणि दट्ट्या दाबायचा, की खालून तारा पडतात. त्या गोल फिरवून उन्हात वाळवल्या की कुरडई होते. हे काम मी चव्वेचाळीस वर्षं केलं. माझ्या पोटात दिवा पेटेपर्यंत माझ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. एक फुटकी घंटा, दोन चेपलेले तांबे आणि एक नळाची तोटी वितळवून मला ओतलं. खानदान मोठं नाही, पण सगळं कामाचं आहे. सायखेड्याच्या धोंडाबाईंनी मला सांगून बनवून घेतलं आणि चकतीची भोकं बघून दोनदा परत पाठवलं. "मला कुरडई घालायचीय, दोरखंड नाय वळायचा," असं त्या तांबटाला म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्याने वैतागून इतकी बारीक भोकं पाडली की दाभणही आत शिरलं नसतं. पुढे माझं नाव झालं ते त्या वैतागामुळे.

कुरडई म्हणजे पोरखेळ नाही. चैत्र लागला की गहू भिजत घालायचा. तीन दिवस रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी तो वाटून, चोळून, गाळून त्याचं दूध काढायचं आणि रात्रभर बसू द्यायचं. पाचव्या दिवशी सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की तळाला पांढरा चीक उरतो. तो मिठाच्या उकळत्या पाण्यात घालून हाताचे तुकडे पडेपर्यंत घाटायचा. आणि शिजलेला चीक कुणासाठी थांबत नाही. गरम आहे तोवर सोऱ्यात गेला तर कुरडई, निवला तर गोळा. मग तो म्हशीपुढे ठेवायचा.

धोंडाबाईंच्या मागे मी त्यांच्या सुनेच्या, सिंधुबाईंच्या हातात आलो. हात सासूपेक्षा सरस. दट्ट्या दाबताना मनगट असं फिरायचं की तार मध्ये कुठे तुटायची नाही. वाळलेली कुरडई उजेडात धरली की आरपार दिसायचं आणि तेलात सोडली की कढईभर फुलायची. चैत्र-वैशाख संपला की मला चिंचेने घासून फळीवर ठेवायच्या. दहा महिने मी पडून असायचो, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पौष महिन्यात आंब्याच्या झाडाकडे तरी कोण बघतं?

सिंधुबाईंच्या कुरडया नाशिकला रविवार कारंज्यावरच्या एका वाळवणाच्या दुकानात जायच्या. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर काही लिहिलेलं नसायचं. तरी गिऱ्हाईक विचारायचं, "सायखेड्याची आहे का? तीच द्या." सिंधुबाईंना याचा आनंद होता आणि थोडं खुपतही होतं. एकदा शेजारच्या अक्काबाईंना त्या म्हणाल्या, "गावाचं नाव निघतं अक्का. माझं कधी निघायचं?" अक्काबाई हसल्या. मी फळीवरून ऐकत होतो. बाईने आयुष्यात मागितलेली ती एकच गोष्ट होती आणि तीही कुणाकडे मागितली नव्हती.

दुकानाचा मालक वारला आणि गादीवर मुलगा आला, धनराज. बापाने चाळीस वर्षं कुरडई विकली. मुलाला कुरडई विकायची लाज वाटत होती, त्याला अनुभव विकायचा होता. त्याने कॉलेज रोडला मोठा गाळा घेतला आणि पुण्याहून एक डिझायनर आणला. त्याचं नाव किशोर. गोल चष्मा, काळा सदरा आणि हातात एक वही. त्या वहीत तो सतत लिहायचा आणि कामाचं सोडून सगळं लिहायचा.

एका शनिवारी ही जोडी सायखेड्याला आली. सिंधुबाईंनी आदल्याच दिवशी पंधरा किलो गहू भिजत घातला होता. नव्या दुकानाचं उद्घाटन पुढच्या शुक्रवारी, अक्षय्य तृतीयेला होतं आणि त्याचीच ही कुरडई होती. किशोर खाटेच्या कडेवर टेकला आणि विचारता झाला, "मावशी, कुरडईचा मूळ स्वभाव काय, असं तुम्हाला वाटतं?"

"सोभाव माणसाला असतो दादा," सिंधुबाई म्हणाल्या. "कुरडईला कसला? तेलात सोडली का फुलती, पाण्यात घातली का भिजती, अन् जरा दाबली का मोडती."

किशोरने वहीत लिहिलं, फुलणं, भिजणं, मोडणं. मग धनराजकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "हाच आपला प्रवास. ग्राहक दारातून आत येतो तेव्हा तो कोरडा असतो."

सिंधुबाईंना वाटलं याला तहान लागली. त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं.

त्याला वासाचाही अनुभव द्यायचा होता. भिजलेल्या गव्हाचा वास दुकानात दरवळला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. सिंधुबाईंनी सरळपणाने पिंपाचं झाकण उघडलं. मित्रांनो, भिजलेल्या गव्हाला आंबूस वास येतो, ज्याने कुरडई खाल्ली त्याच्या तोंडाला त्याने पाणी सुटतं. हा गडी नाकाला रुमाल लावून थेट शेळ्यांच्या दावणीपर्यंत मागे गेला. पुढे त्या दुकानात गव्हाचा वास म्हणून बेकरीतल्या पावाचा वास सोडला. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते काही उगाच नाही.

दुकानाचं नाव त्याने ठेवलं होतं 'चीक'. इंग्रजीत झकपक राहणाऱ्याला 'शीक' म्हणतात आणि लिहिताना चीकसारखं लिहितात म्हणे, त्यावर कोटी केली होती. सिंधुबाईंना ती समजावून सांगायला त्याला बराच वेळ लागला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चीक तर रुईलाबी असतो. डोळ्यात गेला तर दिसायचं बंद होतं." धनराज खोकला. मला एवढंच म्हणायचं आहे की शीक हा शब्द आपल्या मराठीतही आहे, 'जरा शीक' म्हणतो तो, आणि त्या दोघांना तो लागू पडत होता.

मग किशोरची नजर फळीवर गेली. त्याने मला उचललं, चकतीतून डोळा लावून आकाशाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"मावशी, या सोऱ्याला लाइट लावून बघायचाय. चालेल ना?"

आता बघा, घात कुठे झाला. मागच्या वर्षी सिंधुबाईंच्या पुतणीच्या लग्नात फोटोवाला आला होता. तोही असंच म्हणायचा, "नवरीला लाइट लाव रे." त्याचा माणूस मोठा दिवा घेऊन नवरीसमोर उभा राहायचा, फोटो निघायचा आणि दिवा बंद व्हायचा. नवरीला काही होत नव्हतं. सिंधुबाईंना वाटलं माझाही फोटो काढायचा आहे.

"लावा की," त्या म्हणाल्या. "त्यात काय इचारायचं? फक्त सोमवारी दिवस मावळायच्या आत आणून द्या. मंगळवारी चीक शिजणार हाय."

"शंभर टक्के," किशोर म्हणाला. शंभर टक्के म्हणणारा माणूस बहुधा ऐकतच नसतो.

धनराजने तेवढ्यात पुढची गोष्ट सांगून टाकली. "मावशी, दुकानात तुमचं नाव येणार आहे. आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरात."

"आणि ते आपण कुरडयांनीच लिहू," किशोर म्हणाला. "शिल्लक असतील थोड्या?"

सिंधुबाई आत गेल्या आणि मागच्या वर्षीच्या कुरडयांचा जपून ठेवलेला डबा आख्खा आणून दिला. हात कोरडे होते तरी पदराला पुन्हा पुन्हा पुसत होत्या. त्या आनंदाची मला कीव आली, आणि अजूनही येते. मला पिशवीत घातलं तेव्हा त्यांनी सवयीने सांगितलं, "दट्ट्या संभाळा, तो ढिला हाय."

आता ते दुकान ऐका. भिंती गोलगोल वळवलेल्या, त्यांवर प्लास्टरच्या पांढऱ्या दोऱ्यांचे वेटोळे. छताला बैलगाडीच्या चाकाएवढ्या फायबरच्या कुरडया टांगलेल्या. फरशीवर पाय पडला की कुठूनतरी कुडुम कुडुम आवाज यायचा, तोही मोबाइलवर शेंगदाणे चावून भरलेला. फायबरच्या कुरडईखाली पाटी, 'स्पर्श करा, अनुभवा'. काचेच्या पेटीत एकच खरी कुरडई ठेवायची जागा आणि तिच्याखाली पाटी, 'हात लावू नये'. अख्ख्या गाळ्यात कढई नव्हती. कुरडई तळायची असते, ही बातमी त्या वहीपर्यंत पोहोचलीच नव्हती. आमच्याकडच्या बायका रुखवतात कुरडयांची देवळं उभारतात, कळसासकट, आणि लग्न झालं की ती तळून वऱ्हाडाला वाढतात. त्यांना कुणी डिझायनर म्हणत नाही.

रविवारी मला टेबलावर आडवं केलं. दट्ट्या उपसून बाजूला ठेवला. "हे लागणार नाही," किशोर म्हणाला. ड्रिल घेऊन आलेल्या कारागिराने मला हातात फिरवून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, ही तर चालू वस्तू दिसतेय. पाडायचं का भोक?"

"अँटिक आहे ती," किशोर म्हणाला.

म्हणजे कारागिराला दिसलं, आणि ज्याला बघायचे पैसे मिळतात त्याला दिसलं नाही. करंगळी जाईल एवढं भोक माझ्या कुशीत, चकतीच्या चार बोटं वर पडलं. त्यातून वायर आत घातली, वायरीला बल्ब लावला आणि मला भिंतीवर टांगलं. दिवा पेटला. चकतीतून समोरच्या भिंतीवर उजेडाचे शेकडो ठिपके पडले. खोटं कशाला बोलू, ठिपके दिसायला छान होते. धनराजने टाळ्या वाजवल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो अंधार म्हणजे त्या क्षणी मी होतो.

सोमवारी दिवस मावळला. सिंधुबाईंनी फोन केला. धनराज म्हणाला, "सकाळी पाठवतो मावशी." मंगळवारी त्यांनी पहाटे चूल पेटवली. करणार काय, चीक आणखी एक दिवस ठेवला तर आंबून जातो. नऊच्या सुमारास धनराजची गाडी आली आणि ड्रायव्हर मला ओट्यावर ठेवून गेला. भांडं रिकामं परत करू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. माणसं मूठभर गहू घालतात, निदान साखर तरी घालतात. किशोरने माझ्या नळ्यात स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड घातलं होतं.

सिंधुबाईंनी कार्ड काढून ठेवलं, मला गरम पाण्याने धुतलं आणि तेव्हा त्यांचं बोट भोकात गेलं. त्या खाली बसल्या. चुलीवर चीक चकाकत होता, म्हणजे शिजला होता. त्यांनी धनराजला फोन लावला. मी जवळच होतो, मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "तुम्हीच तर हो म्हणालात मावशी, लाइट लावायला. किशोरने विचारलं होतं."

"मला वाटलं फोटोचा लाइट," सिंधुबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी जे केलं ते सांगताना माझी मिजास उतरते. त्यांनी ओल्या फडक्याची घडी भोकावर धरली, तिच्यावर डाव्या हाताचा अंगठा दाबला आणि उजव्या हाताने दट्ट्या. चीक उकळता होता. दाब पडला की तो चकतीतून जायच्या आधी भोकाकडे धावायचा. फडकं भिजायचं, अंगठा भाजायचा. त्या "हां, हां" असं स्वतःलाच म्हणत होत्या. त्यांनी अकरा कुरडया घातल्या. बारावीला अंगठ्याचा फोड फुटला आणि मदतीला आलेल्या अक्काबाईंनी मला ओढून घेतलं.

"सोड ते. माझा सोऱ्या घे," अक्काबाई म्हणाल्या.

अक्काबाईंचा सोऱ्या ॲल्युमिनियमचा, माझ्या निम्मा आणि भोकं जाड. त्यातून शेकडाभर निघाल्या तोवर चीक निवला. उरलेला गोळा म्हशीने खाल्ला. त्या जाड कुरडयांकडे बघून सिंधुबाई म्हणाल्या, "घरात खाऊ. माझ्या नावानं नाय पाठवायच्या या." आणि धनराजला कळवलं, यंदा कुरडई नाही.

"काळजी करू नका, मॅनेज करतो," धनराज म्हणाला. "शुक्रवारी मात्र नक्की या. सत्कार आहे तुमचा."

शुक्रवारी सिंधुबाई मला पिशवीत घालून एसटीने नाशिकला आल्या. पहिल्यांदा तांबट आळीत. तिथल्या तांबटाने मला उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं आणि मान हलवली. "डाग देऊन भोक बुजवता येईल मावशी, पण आत गाठ राहणार. दट्ट्या अडकेल. नळा नवा ओतायला पाहिजे, आणि असं ओतणारं आता इथं कुणी नाही." सिंधुबाईंनी मला परत घेतलं आणि पदराच्या टोकाने पुसलं. उगीचच, मी स्वच्छ होतो.

मग त्या कॉलेज रोडला गेल्या. आपण नाराज आहोत हे त्यांना कुणाला दाखवायचं नव्हतं. नाव बघायचं होतं, एवढंच. आणि नाव होतं. दारातून आत गेल्याबरोबर समोरच्या भिंतीवर, हातभर उंचीच्या अक्षरांत, 'सिंधुबाई'. त्या बराच वेळ उभ्या राहून बघत होत्या. मला पिशवीच्या तोंडातून दिसत होत्या. त्यांचे डोळे भरले होते आणि सत्काराला तेवढ्यावर हो म्हणाल्या असत्या, हे मी खात्रीने सांगतो.

तेवढ्यात त्यांचं लक्ष काउंटरवर गेलं. पुठ्ठ्याच्या देखण्या डब्यांची रास. प्रत्येक डब्यावर त्यांचा फोटो आणि खाली 'सिंधुबाईंच्या हातची कुरडई'. त्यांनी एक डबा उघडला, एक तार मोडली आणि दोन बोटांत चुरली.

"ही मशीनची हाय," त्या धनराजला म्हणाल्या.

धनराजने आजूबाजूला पाहिलं. "हळू मावशी, पाहुणे आहेत. लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"अहो, तुमचंच नाव मोठं होतंय."

"माझं नाव काढा त्याच्यावरून."

"आता कसं निघणार? डबे छापून झाले. आणि भिंतीवरचं तर पक्कं चिकटवलंय." तो हसला. किशोरही आला. त्याने माझी पिशवी पाहिली आणि त्याला खरंच आनंद झाला. "वा, आणलात? त्याचीच जागा रिकामी आहे." खरंच होती. भिंतीतून दोन वायरी बाहेर आल्या होत्या.

सिंधुबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या भिंतीजवळ गेल्या. अक्षरं जवळून बघितली तेव्हा त्यांनी त्या तारा ओळखल्या. बारीक, आरपार दिसणाऱ्या. मागच्या चैत्रात त्यांनी माझ्यातून घातलेल्या. त्या सबंध दुकानात खरी कुरडई तेवढीच होती.

त्यांनी 'ई'पासून सुरुवात केली. भाजलेला अंगठा वर धरून बाकीच्या बोटांनी एकेक वेटोळं दाबायचं, मोडायचं आणि तुकडे पदरात घ्यायचे. अन्न पायाखाली येऊ नये म्हणून खाली काही सांडू दिलं नाही. 'ई' गेली, 'बा' गेला, 'धु' गेला. पाहुणे गोळा झाले. त्यांना वाटलं हाही अनुभवाचाच भाग आहे. त्यांनी मोबाइल वर केले. एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती छान, लाइव्ह ठेवलंय." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. धनराज पांढरा पडला होता, पण टाळ्या वाजत असताना कुणाला थांबवणार? त्यालाही वाजवाव्या लागल्या.

शेवटचं 'सिं' मोडून झालं. भिंतीवर गोंदाचे डाग उरले. सिंधुबाईंनी पदराची गाठ मारली, पिशवी उचलली आणि बाहेर पडल्या. बसमध्ये त्या शेवटपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या.

मित्रांनो, आता मी पुन्हा फळीवर आहे, पण चैत्राची वाट बघत नाही. सिंधुबाईंनी नाशिकला भद्रकालीच्या बाजारात सगळे सोरे हाताळून पाहिले. कुठल्याच चकतीची भोकं त्यांना पटली नाहीत. त्या गोष्टीला वर्ष झालं, यंदा त्यांनी गहू भिजत घातला नाही.

तुमच्या घरी, तुमच्या ओळखीत अशी एखादी जुनी वस्तू असेल. ती तुम्हाला सुंदर वाटेल, भिंतीवर टांगावी, तिच्यात दिवा लावावा असं वाटेल. तर आधी एवढं विचारा, की ही अजून काम करते का. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आम्ही जिच्या हातात असतो तिला विचारा. आणि ती हो म्हणाली, तर ती कशाला हो म्हणाली तेही पुन्हा एकदा विचारा.